चार माणसांना हसवायचे म्हणजे



चैत्र-वैशाखात गावची जत्रा भरते. रात्री तमाशाचा फड उभा राहतो. गण होतो, गवळण होते आणि मग बतावणीला सोंगाड्या पुढे येतो. त्याने अजून तोंडही उघडलेले नसते, नुसती डोक्यावरची टोपी तिरकी केलेली असते, तोच आपण हसायला लागतो. पहाटे फड उठतो, कनाती गुंडाळून ट्रकमध्ये भरल्या जातात आणि आपण डोळे चोळत घरी येतो. पुढे आठ-पंधरा दिवस त्या सोंगाड्याची दोन-चार वाक्ये गावात फिरत राहतात. पारावर कुणीतरी ती म्हणून दाखवतो आणि आपण पुन्हा हसतो. पण ते वाक्य त्या माणसाला सुचले कधी, किती गावांत फसून मग आपल्या गावात वठले, आणि ते बोलून त्याच्या पदरात काय पडले, याचा विचार आपण सहसा करत नाही. गवयाचा रियाज आपल्याला मान्य असतो, पैलवानाची मेहनत मान्य असते. हसवणारा मात्र आईच्या पोटातूनच तसा येतो, अशी आपली समजूत. ही समजूत काही बरोबर नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या हसवणाऱ्या माणसाच्या रोजच्या मेहनतीविषयी.

अलीकडे या धंद्याचे एक नवे रूप शहरांतून दिसते. त्याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी गोष्ट सोपी आहे. एकट्याने उभे राहायचे आणि बोलून हसवायचे. ना ढोलकी, ना पडदा, ना सोंग. एक माणूस, एक मायक्रोफोन आणि समोर बसलेली माणसे. मुंबई-पुण्यात हा प्रकार गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाढला. आधी इंग्रजीत आणि हिंदीत, नंतर मराठीतही. तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर तो पाहिला असेल. पण मोबाइलवर दिसतात ते नावारूपाला आलेले. मी बोलणार आहे ते त्यांच्या मागे असलेल्या अनेकांविषयी, जे वीस-पंचवीस माणसांपुढे रोज उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या नोकरीवर जातात.

नाव नवे असले तरी माणूस काही नवा नाही, बरं का. दारात पोलिसाचा वेष करून येणारा आणि घरधन्यालाच पकडायला निघणारा बहुरूपी आपण लहानपणी पाहिलेला आहे. कीर्तनात डुलक्या घेणाऱ्याला एका वाक्याने जागे करणारे बुवा पाहिले आहेत. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न माणसे होत असत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर ही त्रयी गावोगावी जाऊन कथा सांगे. त्यांतले माडगूळकर तर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर वर्षानुवर्षे ग्रामीण कार्यक्रम पाहत होते.

या माणसांची शाळा कोणती, हे पाहण्यासारखे आहे. दादा कोंडके, निळू फुले, राम नगरकर हे तिघेही सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. कलापथक म्हणजे काही मोठे नाट्यगृह नव्हे. शाळेचे पटांगण, देवळापुढची जागा, मिळेल तो उजेड आणि जमतील ती माणसे. दादा कोंडके १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनिसांच्या लोकनाट्यात उभे राहिले आणि त्या दिवशी वर्तमानपत्रात काय आले असेल ते रात्री बोलण्यात आणू लागले, ते याच शाळेच्या जोरावर. पुढे हिंदी सिनेमात गाजलेले जॉनी लिव्हर हे हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होते. सोबतच्या कामगारांपुढे ते साहेबांच्या नकला करीत, आणि त्यातूनच त्यांना ‘लिव्हर’ हे नाव चिकटले. थोडक्यात, मोठ्या सभेपुढे गेलेला प्रत्येक हसवणारा आधी चार माणसांपुढे उभा राहिलेला असतो.

ही चार माणसांची शाळा कशी चालते, ते मला गेल्या वर्षी जवळून पाहायला मिळाले.

उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामासाठी मी चार दिवस पुण्यात होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे एका कचेरीत हिशेबाचे काम करतो आणि संध्याकाळी हा हसवण्याचा उद्योग करतो, असे मला कुणाकडून तरी कळले होते. हा मुलगा माणदेशाच्या बाजूचा, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. बोलायचा कमी. तो लोकांना हसवतो यावर माझा विश्वास बसेना. पत्ता काढला आणि त्याला न कळवता एका रात्री जाऊन बसलो.

एका चहाच्या दुकानावरची खोली होती. प्लॅस्टिकच्या चाळीस खुर्च्या मांडलेल्या, आणि माणसे मोजून तेवीस. त्यांतले नऊ जण स्वतःच आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. ओठांतल्या ओठांत आपले पाठांतर चालले होते, दुसऱ्याच्या विनोदाला हसायला त्यांना सवड नव्हती. म्हणजे खरे श्रोते चौदा. त्यांतही दोघे पावसामुळे आत आलेले. या प्रकाराला ‘ओपन माइक’ म्हणतात. कुणीही यावे, नाव नोंदवावे आणि पाच मिनिटे बोलावे. वेळ संपत आली की मागे उभा असलेला माणूस दिवा दाखवतो. दिवा दिसला की गुंडाळायचे. या पाच मिनिटांचे बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी तर नाव नोंदवायलाच पैसे भरावे लागतात.

माझा विद्यार्थी पाचवा आला. आल्याआल्या तो म्हणाला, “मी दुष्काळी भागातला. आमच्या कॉलेजात एक सर होते...” आणि श्रोतेहो, माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते सर म्हणजे मीच होतो. तो सांगत होता, “मी ‘पानी’ म्हणायचो. सर म्हणायचे, पानी नाही, पाणी. ‘ण’ चुकला की मला उभं करायचे. आमच्या गावात तर पानीच नव्हतं. पण त्याबद्दल कुणाला उभं केलेलं मी काही बघितलं नाही.”

लोक हसले. चौदा माणसे हसली आणि त्या नऊ जणांतलेही तिघे-चौघे हसले. मीसुद्धा हसलो, पण जरा उशिरा हसलो. बारा वर्षांपूर्वी वर्गात मी त्याला उभे केले तेव्हा सगळा वर्ग हसला होता, आणि वर्गाला हसवल्याबद्दल मला मनातून बरे वाटले होते. तो दिवस मी विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर त्याने मला पाहिले. बिचाऱ्याला घाम फुटला. “सर, तुम्ही कधी आलात? राग नाही ना आला?” मी म्हणालो, “अरे, राग कसला? चहा पाज.” खाली चहा घेत आम्ही दीड तास बोललो, आणि त्या दीड तासात मी जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

त्याने पिशवीतून एक वही काढली. साधी, दोनशे पानी, हिशेबाची असते तशी. डाव्या पानावर विनोद लिहिलेला, उजव्या पानावर तारीख, जागा, माणसे किती आणि खुणा. हसू आले तिथे एक टिंब. मोठे हसू आले तिथे दोन. काहीच झाले नाही तिथे आडवी रेघ. रेघा पुष्कळ होत्या. तो ‘पाणी’चा विनोद त्याने एकतीस वेळा करून पाहिला होता. पहिल्या दिवशी तो असा होता: “आमच्या गावात उन्हाळ्याचे चार महिने पाण्याचा टँकर येतो, आणि तरीसुद्धा पाणी न पुरवल्याबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याला वर्गात उभं केलं असं मी आजवर पाहिलेलं नाही.” याच्यापुढे आडवी रेघ. दुसऱ्या दिवशीही रेघ. मग एकेक शब्द गळत गेला. टँकर गेला, चार महिने गेले, अधिकारी गेला. आठवड्याने पहिले टिंब दिसले.

“सर,” तो म्हणाला, “लोकांना अधिकाऱ्याचं नाव मी सांगितलं की ते हसत नाहीत. नाव त्यांना मनात घ्यायला लावलं की हसतात.”

मी मराठीचा शिक्षक. वाक्यरचना शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. पण वाक्यातल्या शब्दांच्या जागेचे मोल मला त्या चहाच्या टपरीवर कळले. आपल्या मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. विनोद मात्र ज्या शब्दात असतो तो शब्द शेवटी यावा लागतो. कारण तो शब्द आला की लोक हसतात, आणि त्याच्यानंतरचे सगळे त्या हसण्याखाली बुडून जाते. मग काय करायचे? सुदैवाने आपली भाषा लवचीक आहे. ‘मी बघितलं नाही कुणाला उभं केलेलं’ असेही आपण बोलतो, आणि ‘कुणाला उभं केलेलं मी बघितलं नाही’ असेही. यांतले कुठले कुठे वठते हे पुस्तकात सापडत नाही. ते त्या चौदा माणसांना विचारावे लागते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. लोक हसत असताना पुढचे वाक्य बोलले तर ते वाया जाते. हसू ओसरून गेल्यावर बोलले तर मधली शांतता अंगावर येते. हसू उतरणीला लागले की उचलायचे, सुगीत मळणीवर वारा बघून सूप धरतात तसे. आणि कुणीच हसले नाही तर? “तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही, सर. पुढच्या वाक्याला जायचं. मी खचलो असं लोकांना दिसलं की त्यांना माझी काळजी वाटायला लागते. काळजी वाटली की हसू मेलंच.”

आता पैशाचे. तमाशाच्या धंद्याला निदान एक रीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी येतात, जत्रेची तिथी सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. मागणीच्या तिथीला भाव चढा, आडदिवशी उतरता. फडाचा बरावाईट संसार त्या सुपारीवर चालतो. या एकट्या हसवणाऱ्याला राहुटी नाही की तिथी नाही. कुठून तरी फोन येतो. कुठल्या वसाहतीचा गणेशोत्सव असतो, कुठल्या कंपनीचा वार्षिक समारंभ, कुणाच्या वडिलांची पंच्याहत्तरी. बिदागी कधी दोन हजार, कधी पाचशे, कधी ‘जेवून जा’.

एका वसाहतीत त्याला रात्री साडेआठला उभे केले. त्याच वेळी एका बाजूला जेवणाची पंगत सुरू झाली. श्रोते ताटे घेऊन उभे, लहान मुले मंडपात पळापळी खेळताहेत आणि कार्यवाह दर दोन मिनिटांनी कानाशी येऊन सांगताहेत, “जरा लवकर आवरा, आरती व्हायचीय.” तो म्हणाला, “सर, जेवणारा माणूस हसत नाही. त्याला ठसका लागायची भीती असते.” एका समारंभात आधीच बजावले होते, “सगळ्यांवर बोला, पण साहेबांवर नको.” आणि सगळ्यांना ऐकायचे होते ते नेमके साहेबांवर! एका ठिकाणी बायकांवरचे नेहमीचे विनोद करा, अशी फर्माईश झाली. याने केले नाहीत. पुन्हा त्यांचे बोलावणे आले नाही.

मी विचारले, “महिन्याकाठी किती सुटतात?” त्याने वहीचे शेवटचे पान उघडले. हिशेबाचाच माणूस तो! येण्या-जाण्याचा खर्च, नाव नोंदणीचे पैसे, चहा आणि मिळालेली बिदागी, सगळे मांडलेले. त्या महिन्यात तो तीनशे चाळीस रुपयांनी तोट्यात होता. तीन वर्षांच्या मेहनतीने त्याच्याकडे चाळीस मिनिटे जमली होती. चाळीस मिनिटे म्हणजे हमखास हसवील असे बोलणे. “चाळीस मिनिटांची शेती आहे, सर,” तो म्हणाला, “आणि तीही कोरडवाहूच.”

मी वही चाळत होतो. ‘पाणी’च्या विनोदापाशी मला एक वेगळी खूण दिसली. शेवटच्या वाक्यापुढे दोन टिंबे होती, ती समजली. पण सुरुवातीला, जिथे तो नुसता ‘पानी’ हा शब्द उच्चारतो, तिथे फुली मारलेली. प्रत्येक प्रयोगाला फुली. मी विचारले, “ही काय भानगड?”

तो जरा थांबला. म्हणाला, “सर, तिथंपण लोक हसतात. मी ‘पानी’ म्हटलं की लगेच हसतात. विनोद अजून झालेलाच नसतो.” मग हळूच म्हणाला, “ते हसू माझं नाही. ते मी मोजत नाही.”

श्रोतेहो, आधी तो पुण्यात उभा राहायचा तो पुस्तकी भाषेत. लोक हसत नसत. मग एकदा वैतागून तो घरच्या बोलीत बोलला आणि खोली हसली. त्याला वाटले, जमले! पुढे महिनाभराने शंका आली, की लोक कशाला हसताहेत? मी सांगतो त्याला, की मी ज्या तोंडाने सांगतो त्याला? एकच आवाज, एकच टाळी, वरून दोन्ही सारखीच दिसतात. पण एका हसण्यात माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो आणि दुसऱ्यात आपल्याला समोर उभे करतो. पुष्कळांनी त्या दुसऱ्या हसण्यावर धंदा केला आहे. नाटक-सिनेमात खेडूत दाखवायचा म्हणजे ‘लई’ आणि ‘न्हाई’ म्हणणारा बावळट दाखवायचा, ही रीत जुनीच. तिच्या उलट वाटेने गेलेलेही आहेत. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त नाभिक घरातले आपले आयुष्य एकट्याने सांगितले. लोक खो खो हसत. पण त्या घराला हसत नसत, त्या घराबरोबर हसत. शंकर पाटलांच्या कथेतला कोल्हापूरकडचा माणूस आपल्या बोलीत बोलतो, आणि तो आपल्यापेक्षा शहाणा आहे हे कथा संपेपर्यंत आपल्या लक्षात येते. माझ्या विद्यार्थ्याला ही दुसरी वाट हवी होती. ती वाट बरोबर चालली आहे की नाही, हे कसे तपासायचे, हा त्याचा प्रश्न होता.

मी त्याला काही सांगू शकलो नाही. उपाय त्यानेच काढला. तो म्हणाला, “सर, हाच विनोद गावात करून बघतो. आमच्या गावात ‘पानी’ला कुणी हसणार नाही. तिथं हसले तर विनोदालाच हसले म्हणायचं.”

चैत्रात त्याच्या गावची जत्रा होती. त्याने मला मुद्दाम बोलावले. तमाशा दुसऱ्या रात्री होता. आदल्या रात्री देवळापुढच्या पारावर याला पंधरा मिनिटे दिलेली. दीडएकशे माणूस असेल. पुढे पोरे, पायऱ्यांवर बायाबापड्या, कडेला बिड्या ओढत म्हातारी माणसे. अगदी मागे, लिंबाखाली, याचे वडील. सुरुवातीलाच कुणीतरी ओरडले, “बोल की लेका, लाजतुयास कशाला?” आणि हा खरोखरच लाजला. पुण्यात परक्यांपुढे न डगमगणारा मुलगा आपल्या माणसांपुढे घामाघूम झाला.

मग त्याने तो विनोद सुरू केला. ‘पानी’ म्हणाला. कुणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही आहे हे कुणाच्या गावीही नव्हते. सरांनी उभे केले म्हणाला, तेव्हा दोन पोरे खुदखुदली. मग शेवटचे वाक्य आले: “आपल्या गावात तर पानीच नव्हतं; पन त्याबद्दल कुनाला हुबं केल्यालं मी काय बघितलं न्हाई.”

सगळीकडे शांत. मला वाटले, गेला. वहीत आडवी रेघ. आणि तेवढ्यात कडेच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी तोंडातली बिडी काढली आणि शांतपणे म्हणाले, “करतुय की हुबं. दर पाच वर्सानी येकाला हुबं करतुयच. पानी काय येत न्हाई.”

काय सांगू तुम्हाला! सगळा पार हसला. पायऱ्यांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरांना काही कळले नाही, पण तीही हसली. पुढच्या ओळीत एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ बसले होते. तेही हसले, जरा उशिरा हसले, मी हसलो होतो तसेच, पण हसले. आणि हा आमचा विद्यार्थी पोट धरून हसत उभा राहिला आणि पुढचे सगळे विसरला.

एकतीस वेळा घासलेल्या वाक्यात जे उरले होते ते त्या आजोबांनी एका झुरक्यात पुरे केले. आता तो पुण्यात हा विनोद करतो तेव्हा शेवटी सांगतो, की पुढचं वाक्य माझं नाही, आमच्या गावच्या एका आजोबांचं आहे. ते वाक्य येईपर्यंत लोक ‘पानी’ला हसायचे विसरलेले असतात. अलीकडे त्या जागी फुली पडत नाही, असे त्याने मला कळवले आहे.

त्या रात्री जेवताना वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “ह्याच्यावर प्वाट भरतंय का?” तो म्हणाला, “अजून न्हाई, आबा. म्हणून नोकरी सोडली न्हाई.” वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हातारं लई दिसानी हसलं.” एवढेच. शाबासकी यापेक्षा मोठ्याने द्यायची आपल्या घरांतून पद्धत नाही.

तेव्हा माझे सांगणे दोन प्रकारच्या श्रोत्यांना आहे.

गावातल्या कार्यकर्त्या मंडळींना विनंती ही, की एखादा हसवणारा बोलवाल तेव्हा त्याची बिदागी आधी ठरवा आणि ती गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या उरलेल्या पैशांतून देऊ नका. त्याला पंगतीच्या वेळी उभे करू नका. माणसे थोडी असली तर ती जवळजवळ बसवा. विखुरलेली माणसे हसत नाहीत, हे कुणीही हसवणारा तुम्हाला सांगेल. आणि तो एखादे वेळी पडला, तर पडू द्या. पडल्याशिवाय त्याला पुढच्या गावात उभे राहता येणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना सांगायचे ते मी आधी स्वतःलाच सांगितले आहे. आपला वर्ग म्हणजे चाळीस माणसांची सभा असते. तिला हसवणे आपल्याला फार सोपे जाते, कारण आपण उभे असतो आणि ती बसलेली असते. मुलाच्या ‘न’ला आणि ‘ण’ला, ‘व्हता’ला आणि ‘होता’ला वर्ग हसला तर त्यात आपली हुशारी काही नसते. प्रमाण भाषा शिकवली पाहिजे. मी आजही ‘ण’ शिकवतो, परीक्षेत त्याचे गुण असतात. पण आता कुणाला उभे करत नाही. मुलगा ‘पानी’ म्हणाला तर आधी पाण्याविषयी तो काय सांगतो आहे ते पुरते ऐकतो. ‘ण’ नंतर सांगतो, त्याच्या बाकाजवळ जाऊन सांगतो.

आणि वर्गात एखादा पोरगा तुमची नकल करीत असेल, तर त्याला शनिवारी शेवटच्या तासाला दहा मिनिटे द्या. तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा. आपण चालतो कसे, खडू धरतो कसा, कुठल्या शब्दाला अडतो, हे तपासणीला आलेले अधिकारी सांगणार नाहीत ते तो सांगेल. मी हे गेल्या जूनपासून करतो आहे. पहिल्या शनिवारी मला मुळीच हसू आले नाही. आता येते.